कुंपणाआडचे पाणी

आम्ही दोघे गेली बरीच वर्षे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. अध्यापकाकडे माजी विद्यार्थी नाना प्रकारच्या मागण्या घेऊन येतात. कुणाला मुलीसाठी नाव हवे असते, कुणाला लग्नपत्रिकेचा मजकूर. गेल्या फेब्रुवारीत आलेली मागणी मात्र आमच्यासाठी नवी होती. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने सासवडच्या पुढे वीस गुंठे जमीन घेऊन घर बांधले आहे. घरामागे पोहण्याचा तलाव आहे. तो 'उपरा' दिसतो, बागेत मिसळत नाही, ही त्याची तक्रार. "सर, मॅडम, आपल्या जुन्या साहित्यात पाण्याकाठी जी झाडे येतात त्यांची यादी करून द्या, तीच लावतो," असे त्याने सांगितले.

आम्ही खूश झालो, हे कबूल करायला हवे. कॉलेजात शिकवलेले कुणाच्या तरी अंगणात रुजणार, यापरते सुख कोणते? दोन संध्याकाळी बसून आम्ही यादी केली: कदंब, बकुळ, केवडा, अशोक, माधवीलता, केळ आणि पाण्यात कमळ. ही यादी चुकीची होती, असे आज आमचे मत झाले आहे. ती का चुकली हे सांगताना बाग, पाणी आणि साहित्य या तिन्हींविषयी काही बोलता येईल असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

यादीचा मुख्य आधार अर्थातच 'मेघदूत' होता. उत्तरमेघात यक्ष आपल्या अलकेतील घराची खूण मेघाला सांगतो. हा भाग आपण वर्गात बहुधा 'निसर्गवर्णन' म्हणून उरकतो. तो पुन्हा वाचला तर लक्षात येते की ती घरालगतच्या बागेची आणि तीत सामावलेल्या जलाशयाची जवळजवळ संपूर्ण रचना आहे. घराच्या अंगणात हात उंचावला की फुले हाती येतील असा लहानसा मंदार आहे. पाचूच्या पायऱ्यांची वापी आहे, तिच्यात सोनेरी कमळे आहेत. वापीच्या काठाला क्रीडाशैल, त्याच्याभोवती केळींचे वेटाळे. तिथेच माधवीचा मांडव, त्या मांडवाला कुरबकाचे कुंपण, शेजारी तांबडा अशोक आणि बकुळ. कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शांता शेळके यांच्यासारख्या कवींनी हे काव्य मराठीत आणले आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ही बाग परकी नाही.

आम्ही या वर्णनातून झाडे उचलली. मात्र या साऱ्या वर्णनाचे प्रयोजन काय, हे विसरलो. यक्ष ही बाग सांगतो ती मेघाने घर ओळखावे म्हणून. वापी, तिच्या काठची झाडे, मांडव ही सगळी ओळखीची चिन्हे आहेत. येथे कुंपण आहे, पण ते माधवीच्या मांडवाभोवती आहे. वापीभोवती कवीने कुंपण घातलेले नाही. पाणी उघडे आहे आणि झाडे त्याच्या दिशेने बोट दाखवतात. आमच्या विद्यार्थ्याला नेमके याच्या उलट हवे होते, आणि हे आम्हाला त्याच्या घरी जाईपर्यंत कळले नाही.

मार्चमध्ये आम्ही तेथे गेलो. तलाव आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी खोली दीड मीटरच्या थोडी आत. तळाशी निळ्या फरश्या. कडेने तीन बाजूंना उंच, सरळसोट झाडांची दाट रांग. रोपवाटिकांत 'अशोक' म्हणून मिळते तेच हे झाड. विद्यार्थी अभिमानाने म्हणाला, "मॅडम, तुमच्या यादीतला अशोक आधीच लावलाय." हा अशोक कालिदासाचा नव्हे. काव्यातला अशोक म्हणजे सीताअशोक, ज्याला शेंदरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात. शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या आवारांत रांगेने उभा असतो तो खोटा अशोक वेगळ्याच कुळातला. त्याची फुले हिरवट, पानांत लपलेली. नाव एकच असल्यामुळे आपण फसतो. पडद्यासाठी मात्र तो चांगला, कारण तो रुंदीत पसरत नाही आणि त्याचा पाला जमिनीपासून शेंड्यापर्यंत असतो.

पडदा कशासाठी, हे आम्ही विचारले. त्याने क्षणभर थांबून रस्त्यापलीकडे हात केला. पलीकडे वस्ती आहे, आणि उन्हाळ्यात वस्तीवर टँकर येतो. "त्यांना दिसू नये एवढेच," तो म्हणाला. तो मुलगा मनाने निबर नाही, उलट फार संकोची आहे. त्याला तलाव बागेत मिसळायचा होता यामागे सौंदर्यदृष्टी होतीच, पण त्याहून अधिक हा संकोच होता. आम्ही त्याला आणखी सात झाडांची नावे दिली होती, म्हणजे त्या पडद्याला सात नक्षीदार झालरी लावून दिल्या होत्या.

येथे थोडा हिशेब मांडू. या तलावात सुमारे पंचेचाळीस हजार लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर साडेचार टँकर. पण हे एकदाच भरायचे पाणी झाले. उन्हाळ्यात दख्खनच्या पठारावर उघड्या पाण्यातून दिवसाला सात मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे धरले, तर बत्तीस चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज सुमारे सव्वादोनशे लिटर जातात, म्हणजे महिन्याला पावणेसात हजार. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्या मापाने चार माणसांचे दिवसाचे पाणी केवळ हवेत जाते. हे आकडे काही भयंकर नाहीत. उसाच्या एका फडाला याहून कितीतरी अधिक पाणी लागते आणि त्याभोवती कुणी कुंपण घालत नाही. पण आकडा लहान असला तरी तो दोन घरांच्या मध्ये उभा आहे, आणि झाडे त्या आकड्यासमोर लावली आहेत.

आता, घरच्या बागेत तलाव सामावून घेण्याच्या ज्या रीती आज रूढ आहेत त्यांकडे पाहू. ढोबळमानाने त्या तीन आहेत. पहिली लपवण्याची: भोवती दाट झुडपे लावून तलाव दृष्टीआड करणे. दुसरी सोंगाची: सिमेंटचे खडक, कृत्रिम धबधबा, कडेला ताड-माड आणि जणू हा डोंगरातला डोहच आहे असा आभास. तिसरी रीत नात्याची. तीत तलाव हा माणसाने केलेला आहे हे मान्य केलेले असते, आणि त्याच्या आकारातून, जागेतून व झाडांतून तो भोवतालाशी जोडला जातो.

या तिसऱ्या रीतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे आहे. थॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने १९४८ मध्ये डॉनेल कुटुंबाच्या टेकडीवरील जमिनीवर एक बाग केली. लॉरेन्स हॅल्प्रिन हे त्या वेळी चर्च यांच्याकडे काम करत होते आणि या रचनेत त्यांचाही वाटा होता. बागेतल्या तलावाला सरळ कडा नाहीत. तो मूत्रपिंडासारखा वळणदार आहे आणि त्यात अॅडलीन केंट यांचे शिल्प बेटासारखे उभे आहे. टेकडीवरून खाली खाऱ्या पाणथळ जमिनीतून वळसे घेत जाणारे प्रवाह दिसतात. तलावाची वळणे त्या प्रवाहांशी संवाद साधतात असे अभ्यासक सांगतात. फिनलंडमध्ये आल्वार आल्टो यांनी १९३९ च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'व्हिला मैरेआ' या घराच्या तलावाशीही त्याचे साम्य दाखवले जाते.

पण आमचे लक्ष वेधून घेतले ते झाडांनी. चर्च यांनी तलावाभोवती नवी झाडी फारशी दाटवली नाही. तेथे आधीपासून असलेले ओकवृक्ष त्यांनी राखले आणि लाकडी ओटा त्या झाडांना वाट देत, खोडांभोवती मोकळी जागा ठेवून बांधला. तलाव निळाच राहिला, काठ काँक्रीटचाच राहिला. कुणाला तो डोह वाटावा अशी अपेक्षाच नव्हती. तरीही तो बागेत बसतो, कारण त्याचा आकार दूरच्या पाण्याकडे आणि त्याचा ओटा जवळच्या झाडांकडे पाहून ठरलेला आहे. चर्च यांच्या १९५५ मधील पुस्तकाच्या शीर्षकाचा आशय 'बागा माणसांसाठी असतात' असा आहे. त्यांच्या या बागेत माणसाने केलेले ते माणसाने केलेलेच दिसते.

याचा पुढचा इतिहासही शिकवण्याजोगा आहे. त्या वळणदार तलावाच्या असंख्य नकला कॅलिफोर्नियाच्या उपनगरांत झाल्या. तिथे ना दलदल होती, ना ओक. उरला तो नुसता आकार. १९७६-७७ च्या दुष्काळात त्यांतले कित्येक तलाव कोरडे पडले आणि चाकांच्या फळीवर घसरत जाणारी मुले त्या रिकाम्या, गुळगुळीत खड्ड्यांत खेळू लागली. मुलांनी त्या आकाराचे सोने केले हे खरे. पण संदर्भातून उचललेल्या रूपाचे काय होते, हे सांगायला याहून बोलके उदाहरण आम्हाला आठवत नाही. आमची यादी याच जातीची होती. अलकेतून झाडे उचलली आणि सासवडला नेली.

नात्याच्या रीतीचे दुसरे रूप ऑस्ट्रियात १९८० च्या दशकात पुढे आले आणि तेथून जर्मनी व इतर देशांत पसरले. त्यात तलावाचे दोन भाग करतात. एक पोहण्याचा, दुसरा उथळ आणि वाळू-खडीत पाणवनस्पती लावलेला. बऱ्याचदा हे दोन्ही भाग जवळपास सारख्याच क्षेत्रफळाचे असतात. पंपाने पाणी त्या वनस्पतींतून फिरवले जाते. मुळांवर आणि खडीवर वाढणारे सूक्ष्मजीव घाण विघटित करतात, वनस्पती पाण्यातले नत्र आणि स्फुरद शोषून घेतात, त्यामुळे शेवाळाला खाद्य उरत नाही आणि क्लोरीन टाकावे लागत नाही. जागा दुप्पट लागते, पाणी निळेशार दिसत नाही, आणि उष्ण हवेत शेवाळावर व डासांवर सतत नजर ठेवावी लागते. पण येथे वनस्पतीचे स्थान बदलले आहे. ती काम करते. ती काढून टाकली तर पाणी पोहण्याजोगे राहत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे क्षेमेंद्र आठवावा. अकराव्या शतकातल्या या काश्मिरी पंडिताने औचित्य हे काव्याचे जीवित मानले. अलंकार योग्य जागी असेल तरच तो अलंकार. कमरेचा पट्टा गळ्यात घातला तर हसे होते. आपण औचित्यविचार शिकवतो तेव्हा तो 'शोभेल तेथे शोभेल ते' इतका सोपा करून टाकतो. ऑस्ट्रियातली ती पाणवनस्पती औचित्याचा अधिक खोल अर्थ सांगते. जे काढले असता रचनाच कोसळते ते उचित. खोट्या अशोकाची रांग काढली तर तलाव तसाच राहील, फक्त दिसू लागेल.

त्या दिवशी औचित्याचा धडा आम्हाला दिला तो मात्र क्षेमेंद्राने नव्हे. बागेची देखभाल करणाऱ्या मावशी त्याच वस्तीवर राहतात. म्हणजे ज्यांना दिसू नये म्हणून पडदा केला, त्यांतल्याच एक जण रोज पडद्याच्या आत काम करतात. आमची यादी विद्यार्थ्याने त्यांना वाचून दाखवली. मावशी म्हणाल्या, "झाडं लई चांगली हायेत बाई. पर पानं पाण्यात पडणार, ती काढायची कुनी?" मग त्यांनी एकेक झाड घेऊन सांगितले. बकुळीची फुले बारीक, शिवाय तिची पिकली फळे फरशीवर चिकटतात. कदंब मोठा होणार, त्याच्या मुळांना जागा लागणार. केवड्याला काटे, पोरे उघड्या अंगाने पळणार. कमळाला क्लोरीनचे पाणी सोसणार नाही. आधी कुंपणाला कण्हेर होती, ती त्यांनीच काढायला लावली होती, कारण कण्हेर विषारी आणि घरात लहान मूल. "चिंच नि गुलमोहर तर नकोच," त्या म्हणाल्या, "बारकी पानं जाळीत अडकत न्हाईत."

आम्ही निरुत्तर झालो. काव्यातले झाड पान गाळत नाही. गाळले तरी ते कुणी उचलावे लागत नाही. बागेतल्या प्रत्येक झाडाच्या मागे मात्र हातात जाळी घेतलेले एक माणूस उभे असते, आणि आमच्या यादीत ते नव्हते.

या मतावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आमच्यातल्याच एकीने तो प्रथम घेतला. तलावाभोवतीचा आडोसा केवळ श्रीमंती लपवायला नसतो. घरातल्या बाईला निर्धास्तपणे पोहता यावे, यासाठीही तो असतो. आपल्याकडे मुलग्यांनी विहिरीत उड्या मारल्या आणि मुली काठावर धुण्याशी थांबल्या, हा इतिहास फार जुना नाही. विद्यार्थ्याची पत्नी लग्नानंतर पोहायला शिकली आणि ते या झाडांच्या आडच शिकली. तिच्यासाठी ही रांग म्हणजे मोकळीक आहे. झाडांची भिंत वाराही अडवते आणि वारा अडला की वाफ कमी होते, हाही एक फायदा. तेव्हा कुंपण सरसकट उपटून टाका, असे आम्ही म्हणत नाही. मराठीत दोन शब्द आहेत: आडोसा आणि लपवाछपवी. आडोसा माणसाच्या देहासाठी असतो, तो हवाच. लपवाछपवी पाण्याची असते. एकाच झाडाने दोन्ही कामे होत असतील, तर आपण ते कशासाठी लावतो आहोत हे निदान स्वतःशी तरी स्पष्ट असावे.

महाराष्ट्रात पाणी आणि झाडी यांच्या नात्याची जुनी उदाहरणे आहेत. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर सहलीला जाणाऱ्यांनी पाहिलेली असते. अठराव्या शतकातली ही विहीर अष्टकोनी आहे, आणि पाण्याच्या वर बसण्याउठण्याचा देखणा महालही आहे. म्हणजे ऐश्वर्य तेथेही होते आणि ते दडवलेले नव्हते. पण बारा मोटा चालत त्या आमराईला पाणी देण्यासाठी, असे सांगतात. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजहून नळ बांधून पाणी आणले. ते शनिवारवाड्यात गेले तसे शहरातल्या हौदांतही गेले. आम्ही पेशवाईचे गोडवे गात नाही. कोणत्या हौदावर कुणाला पाणी भरता येत होते, हे जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तेव्हा पुरेसे उघड झाले. खाजगी घरातल्या पाण्याने काय करता येते, याचे मराठी मुलखातले सर्वांत मोठे उदाहरण तो हौद आहे. त्याच्याभोवती कोणती झाडे होती, हे विचारायची गरज आम्हाला कधी पडली नाही.

घरी परतल्यावर आम्ही दुसरी यादी केली. ती मावशींना विचारून केली आणि ती लहान आहे. तलावाच्या उताराच्या बाजूला एक उथळ खड्डा, त्यात वाळा, वेखंड आणि कर्दळ. गाळणी धुताना फेकले जाणारे पाणी आधी एका टाकीत उघडे राहू द्यावे, क्लोरीन उडून गेल्यावर या खड्ड्यातून फिरावे आणि पुढे झाडांना जावे. काठापासून अंतर राखून एकच देवचाफा. हा मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा, पण आपल्या देवळांच्या आवारात इतका रुळला की त्याला कुणी परका म्हणत नाही. त्याचे पान मोठे, हाताने उचलता येते, आणि हिवाळ्यात तो निष्पर्ण होतो तेव्हा ऊन पाण्यावर पडते. रात्री तलावावर आच्छादन घालावे, म्हणजे वाफ बरीच कमी होते. खऱ्या अशोकाचे एक रोप, पण ते घराच्या दारात, ओळखीसाठी. आणि रस्त्याकडच्या रांगेतली चार झाडे काढून तेथे फाटक. वस्तीवरची मुले सुट्टीत पोहायला शिकायची असतील तर त्यांना त्या फाटकाने यावे लागेल, असे खाली लिहिले.

विद्यार्थ्याने यादीतला बराचसा भाग मान्य केला. वाळा लागला आहे, चाफ्याची फांदी रोवली आहे, आच्छादन आले आहे. फाटकाविषयी तो काही बोललेला नाही. कुणी बुडाले तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्याच्या मनात असणार आणि तो खोटा नाही. आम्ही पुन्हा विचारलेलेही नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या घरात किती शिरावे, हा प्रश्न आमच्याही मनात आहे.

वर्गात मात्र एक बदल आम्ही केला. यंदा उत्तरमेघ शिकवताना यक्षाच्या बागेपाशी थांबलो आणि मुलांना विचारले की हे घर तुम्ही कशावरून ओळखाल? मुलांनी वापी, केळी, अशोक, बकुळ अशी उत्तरे दिली. मग विचारले, तुमचे घर कशावरून ओळखावे? बराच वेळ कुणी बोलले नाही. शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "दारातल्या ड्रमवरून. निळा ड्रम असतो, पाण्याचा." ती कोणत्या वस्तीवरून येते, हे आम्ही विचारले नाही.